पूर्ण, पक्व आणि चेक भाषेतला ‘दो’

चेक भाषेत तीन विशेषणं आहेत : दोकोनाली, दोकोनानी आणि दोकोनावी. तिघांत फरक फक्त एका व्यंजनाचा. ल, न आणि व. पहिलं विशेषण ज्यात काही उणं नाही अशा गोष्टीला लावतात, म्हणजे आपलं ‘परिपूर्ण’. दुसरं फौजदारी कायद्याच्या पुस्तकात भेटतं, नुसत्या प्रयत्नावर न थांबता तडीस गेलेल्या गुन्ह्यासाठी. तिसरं शाळेच्या व्याकरणातलं. क्रिया शेवटाला पोचली असं सांगणाऱ्या क्रियापदांच्या वर्गाचं ते नाव आहे. इंग्रजी रहस्यकथेतला ‘परफेक्ट क्राइम’ चेकमध्ये नेताना अनुवादकाला या ‘ल’ आणि ‘न’कडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. दोकोनाली गुन्हा म्हणजे ज्याचा माग कुणाला कधीच लागणार नाही असा. दोकोनानी गुन्हा मात्र कितीही गबाळेपणाने केलेला आणि दुसऱ्याच दिवशी उघडकीला आलेला असू शकतो. तो पुरा झाला, एवढंच कायद्याचं म्हणणं.

तिन्ही शब्द निघाले ‘दोकोनात’ या क्रियापदातून. ‘कोनात’ म्हणजे करणं, पार पाडणं, आणि ‘दो’ म्हणजे ‘पर्यंत’. शेवटापर्यंत केलेलं ते परिपूर्ण! लॅटिनमधून इंग्रजीत आलेला ‘परफेक्ट’ही असाच बनला आहे, ‘आरपार केलेलं’ या अर्थाने. पण इंग्रजी बोलणाऱ्याला तो सांधा आता ऐकू येत नाही, चेक माणसाला मात्र रोज ऐकू येतो. शेवटचा श्वास घेणं यालाही जुन्या भारदस्त चेकमध्ये ‘दोकोनात’ म्हणतात. १५७९ ते १५९४ या काळात सहा खंडांत निघालेल्या क्रालित्से बायबलात येशूच्या क्रुसावरच्या अखेरच्या उद्गारासाठी हेच क्रियापद वापरलं आहे. मरण, परिपूर्णता, गुन्हा आणि व्याकरण, सगळं एका धातूच्या घरात नांदतं. याहून थक्क करणारी गोष्ट अशी की ‘शेवट’ या अर्थाचा चेक ‘कोनेत्स’ आणि ‘सुरुवात’ या अर्थाचा ‘झाचातेक’ हे दोन्ही शब्द मुळात एकाच प्राचीन स्लाव धातूपासून फुटले आहेत. कानाला त्यांचं नातं जाणवत नाही. भाषेच्या इतिहासात मात्र आरंभ आणि अंत सख्खे आहेत.

हा ‘दो’ जरा जवळून बघू. एरवी तो अगदी रोजच्या वापरातला शब्द आहे. प्रागला जायचं तर ‘दो प्राही’, ब्रनोला जायचं तर ‘दो ब्रना’. हाच ‘दो’ क्रियापदाला चिकटला की कामाला मुक्कामाचं ठिकाण मिळतं. वाचत वाचत मुक्कामी पोचणं म्हणजे ‘दोचीस्त’, लिहीत पोचणं ‘दोप्सात’, पेल्यात उरलेलं पिऊन संपवणं ‘दोपीत’. आणि बांधत पोचणं ‘दोस्ताव्येत’.

या शेवटच्या शब्दाला तर दगडामातीचा पुरावा आहे. प्रागच्या किल्ल्यातल्या संत वीत कॅथेड्रलचा पाया १३४४ मध्ये घातला गेला. पूर्वेकडचा भाग उभा राहिला, मग हुसपंथी युद्धांनी काम थांबवलं आणि ते शतकानुशतकं अर्धवट पडून राहिलं. १८५९ मध्ये हे मंदिर पुरं करण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. तिच्या नावातच ‘दोस्ताव्येनी’ हा शब्द होता : बांधत बांधत शेवटापर्यंत नेणं. १९२९ मध्ये ते नेलं. पायाभरणीपासून ५८५ वर्षांनी! इंग्रजीत याला ‘कम्प्लीशन’ म्हणून भागतं. पण घराचं, प्रबंधाचं, फॉर्मचं आणि चौकशीचं, सगळ्यांचं ‘कम्प्लीशन’ एकच. चेकमध्ये तसं चालत नाही. काय करत करत पुरं झालं, ते सांगावंच लागतं. फॉर्म असेल तर तो ‘भरून’ निघतो, शिक्षण असेल तर ‘शिकून’ पुरतं, इमारत ‘बांधून’ पोचते. त्यामुळे ‘कम्प्लीट’ समोर आला की चेक अनुवादक आधी त्यामागे दडलेली क्रिया हुडकतो आणि मग तिला साजेसा उपसर्ग निवडतो.

हा उपसर्ग काय करू शकतो ते एका साध्या वाक्यात दिसेल. ‘मी ते पुस्तक वाचलं’ एवढंच इंग्रजीत लिहिलं आहे असं समजा. चेकमध्ये ‘चेत्ल’ म्हटलं तर वाचनाची क्रिया घडली, पुस्तक संपलं की नाही त्यावर मौन. ‘प्रशेचेत्ल’ म्हटलं तर अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं. आणि ‘दोचेत्ल’ म्हटलं तर आधी काही वाचून झालं होतं, उरलेलं आता संपवलं. इंग्रजी लेखकाने हा विचार कदाचित मनातही आणला नसेल. चेक अनुवादकाला मात्र तो केल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपणही ‘वाचत होतो’, ‘वाचून काढलं’, ‘वाचून संपवलं’ असा भेद सहज करतो. चेक माणूस जे क्रियापदाच्या पुढ्यात उपसर्ग लावून सांगतो, ते आपण पाठीमागे दुसरं क्रियापद जोडून सांगतो. फरक एवढाच की आपल्याला ‘वाचलं’ म्हणून मोकळं होण्याची मुभा आहे. चेकमध्ये प्रत्येक क्रियापदाला पूर्ण आणि अपूर्ण यांपैकी एक बाजू घ्यावीच लागते. दोन्हीकडे चालणारी क्रियापदं आहेत, पण थोडी.

याचा एक परिणाम मला व्याकरणातला सर्वांत सुंदर चमत्कार वाटतो. पूर्ण बाजूच्या क्रियापदांना चेकमध्ये वर्तमानकाळच नाही. ‘पीशु’ म्हणजे मी लिहितो आहे. त्याला पूर्णत्वाचा उपसर्ग लावून, प्रत्यय तेच ठेवून, ‘नापीशु’ केलं की अर्थ होतो ‘मी लिहीन, लिहून पुरं करीन’. रूप वर्तमानाचं, अर्थ भविष्याचा. यामागे कडक तर्क आहे. जे या क्षणी चालू आहे ते पुरं झालेलं नाही, आणि जे पुरं झालं ते चालू नाही. पूर्णत्व एक तर घडून गेलेलं असतं किंवा पुढे असतं, आणि आत्ताचा क्षण नेहमी अपुराच. आपल्याकडे हे सांगायला तत्त्वज्ञ लागला असता. चेक पोराला ते बोलायला लागल्यापासून क्रियापदाच्या रूपातून मिळतं.

अनुवादकाच्या या पेचाचं सर्वांत नेमकं वर्णन केलं रोमान याकोब्सन यांनी. ते मूळचे मॉस्कोचे. १९२० मध्ये ते प्रागला आले, १९२६ साली प्राग भाषाविज्ञान मंडळाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता, पुढे ब्रनोला शिकवत असताना १९३९ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. १९५९ च्या एका निबंधात त्यांनी, मजूर कामावर ठेवल्याचं एक साधं इंग्रजी वाक्य घेतलं आणि ते रशियनमध्ये नेताना काय होतं ते दाखवलं. कामावर ठेवण्याची क्रिया पुरी झाली की नाही आणि मजूर बाई की पुरुष, ही दोन्ही उत्तरं रशियनमध्ये द्यावीच लागतात, इंग्रजीत दोन्ही टाळता येतात. चेकमध्येही तंतोतंत तेच. त्यांचा मुद्दा असा की काय सांगता येतं यात भाषांमध्ये मोठा फरक नसतो. फरक असतो तो काय सांगितल्यावाचून सुटका नाही यात.

पूर्णत्वाचा आणखी एक चेक शब्द भारी लोभस आहे : ‘होतोवी’. काम संपलं की ‘होतोवो!’ म्हणजे झालं! खाणावळीच्या मेनूवर ‘होतोवा यीदला’ असं शीर्षक असतं. त्याखालचे पदार्थ, जसं की गूलाश, आधीच शिजवून तयार असतात. मागणी आल्यावर करायच्या पदार्थांची यादी वेगळी. रोख रकमेला ‘होतोवोस्त’ म्हणतात. आणि थकून गेलेला माणूस स्वतःला ‘होतोवी’ म्हणवतो. इंग्रजीतले ‘रेडी’ आणि ‘फिनिश्ड’ हे शब्द एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत : एक सुरू व्हायला सज्ज, दुसरा संपलेला. चेकमध्ये दोघांना एकच शब्द पुरतो, कारण स्वयंपाक संपला की जेवण तयारच असतं.

आता पक्वतेकडे वळू, कारण खरी गर्दी तिथे आहे. इंग्रजी ‘मॅच्युअर’ चीजला लागतो, माणसाला लागतो, बाजारपेठेला आणि बँकेतल्या ठेवीलाही. चेक अनुवादकाच्या टेबलावर या एका शब्दाच्या जागी निदान पाच-सहा शब्द येऊन बसतात. फळ, धान्य, वाइन, चीज आणि माणसाचं मन यांच्यासाठी ‘ज्राली’. यातला ‘ज’ आपल्या ‘जाळं’मधला. जे अजून पिकतं आहे ते ‘ज्रायीत्सी’. मोराविया प्रांतातल्या लोश्तित्से गावचं उग्र वासाचं त्वारूश्की चीज याच वर्गातलं. ज्याचं पिकणं खोलवर झालं ते ‘विज्राली’, मग ती वाइन असो की एखाद्या चित्रकाराची शैली. बँकेचा कागद मात्र पिकत नाही. त्याची ‘स्प्लात्नोस्त’ येते, म्हणजे पैसे फेडायची वेळ. इंग्रजी आर्थिक बातमीत ‘मॅच्युरिटी’ वाचून जो अनुवादक ज्रालीकडे हात नेईल, त्याचे कर्जरोखे झाडाला लटकतील.

वयात आलेल्या माणसाचा शब्द वेगळा आणि मला फार आवडणारा : ‘दोस्प्येली’. पुन्हा आपला ‘दो’ आला. ‘स्प्येत’ म्हणजे एखाद्या दिशेने जाणं, झेपावणं, आणि दोस्प्येली म्हणजे तसा जात जात पोचलेला. प्रौढ माणूस चेकमध्ये पोचलेला असतो. याच ‘स्प्येत’ला ‘वि’ लावला की ‘विस्प्येली’ होतं, बरोबरीच्यांहून पुढे गेलेला. विकसित देशांना हेच विशेषण लावतात. दहा वर्षांची समंजस मुलगी वयाच्या मानाने विस्प्येली असू शकते, पण तिला दोस्प्येली म्हणता येत नाही. इंग्रजीत या मुलीलाही ‘मॅच्युअर’ आणि तिच्या आईलाही ‘मॅच्युअर’ म्हणता येतं. चेकमध्ये दोघींच्या मधली वाट उपसर्गाने मोजलेली आहे.

कायद्याला यातलं काही पुरत नाही, त्याला आकडा लागतो. म्हणून वर्षं भरलेला तो ‘पल्नोलेती’, शब्दशः ‘पूर्ण वर्षांचा’. कायद्याच्या मजकुरात ‘ज्लेतिली’. ही पूर्णता मात्र सरकत आली. १८११ च्या ऑस्ट्रियन दिवाणी संहितेत ती २४ व्या वर्षी येत असे, नव्या चेकोस्लोव्हाकियाने १९१९ मध्ये ती २१ वर आणली आणि आज ती १८ व्या वर्षी येते. फळाच्या बाबतीत असं करता आलं असतं तर बागायतदारांनी देव पाण्यात ठेवले नसते.

शाळेत तर पक्वता दोनदा तपासली जाते. पहिलीत घालण्याआधी मुलाची ‘श्कोल्नी ज्रालोस्त’ बघतात, म्हणजे शाळेसाठीची पक्वता. ती कमी वाटली तर प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो. इंग्रजीत हीच गोष्ट ‘रेडीनेस’ ठरते, सज्जता. दोन्ही शब्दांमागचं मूल निराळं आहे. सज्ज करायचं मूल शिकवून सज्ज करता येतं. पिकायच्या मुलासाठी थांबावं लागतं. आता चेकमध्येही सज्जतेचा शब्द शेजारी आला आहे, पण पक्वतेने जागा सोडलेली नाही. दुसरी तपासणी माध्यमिक शिक्षणाच्या शेवटी, ‘मातुरिता’ नावाच्या परीक्षेत. ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या १८४९ च्या शिक्षणसुधारणेतून ती आली. नाव लॅटिनमधलं, अर्थ सरळ ‘पक्वता’. तिचं चेक नाव आहे ‘प्रौढत्वाची परीक्षा’, आणि तेही अजून कानावर पडतं. आपल्याकडची मॅट्रिक आणि ही मातुरिता ऐकायला बहिणी वाटतात, पण त्या बहिणी नाहीत. मॅट्रिक आली नोंदवहीच्या लॅटिन नावावरून. आपण मुलाचं नाव वहीत चढवलं, त्यांनी मूल पिकलं की नाही ते विचारलं.

आणि इथे चेक-मराठीचं खरंखुरं, भाषाशास्त्राने सिद्ध केलेलं नातं उघडं होतं. ‘ज्राली’ हा शब्द ज्या प्राचीन धातूतून आला, त्यातूनच संस्कृतचे जरा आणि जीर्ण आले, जे आपण जसेच्या तसे वापरतो. दाण्याला चेकमध्ये ‘जर्नो’ म्हणतात. तो आणि ‘जीर्ण’ एकाच मुळाचे. काळ एखाद्या वस्तूवर जे काम करतो त्याचं नाव म्हणजे हा धातू. स्लाव शेतकऱ्याने ते काम कणसात पाहिलं, तो भरलेल्या दाण्यापाशी थांबला. आपल्या पूर्वजांनी तेच काम शरीरात पाहिलं आणि ते म्हातारपणाशी जाऊन पोचले. मग पक्वतेसाठी आपण काय घेतलं? पच् हा धातू, शिजवणं. पक्व, परिपक्व, पक्का, पिकणं, सगळी त्याचीच लेकरं. आणि हा धातू चेकमध्येही आहे, पण तिथे तो भट्टीपाशीच राहिला. ‘पेत्स्त’ म्हणजे भाजणं, ‘पेकार्झ’ म्हणजे पाववाला. मराठी परिपक्वतेचा चुलतभाऊ प्रागच्या बेकरीत पाव भाजतो आहे, आणि चेक पक्वतेची चुलतबहीण आपल्याकडे जरा होऊन बसली आहे! दोन भाषांनी एकाच वारशातली भांडी वाटून घेतली आणि उलटसुलट कामांना लावली. तरी ‘पिकलं पान’ म्हणताना आणि केस पिकल्याचं सांगताना आपणही शिजण्याच्या धातूला म्हातारपणापर्यंत नेलंच.

पूर्णत्वाच्या बाबतीत नातं याहूनही सरळ आहे. चेक ‘पल्नी’ आणि आपलं ‘पूर्ण’ हे ध्वनीच्या नियमांनी जुळणारे सख्खे शब्द आहेत, इंग्रजी ‘फुल’ही त्याच कुळातला. पल्नीपासून ‘ऊपल्नी’, म्हणजे संपूर्ण, आणि त्यापासून ‘ऊपल्न्येक’. ऊपल्न्येक म्हणजे पौर्णिमा. व्ल्तावा नदीच्या काठावर आणि गोदावरीच्या काठावर त्या रात्रीला एकाच मुळाचं नाव आहे.

अशा शब्दांच्या जंगलातून अनुवादक वाट कशी काढतो, याचा ध्यास घेतलेले गृहस्थ म्हणजे यिर्झी लेवी. त्यांचा ‘अनुवादाची कला’ हा ग्रंथ १९६३ मध्ये आला. १९६७ च्या एका निबंधात त्यांनी अनुवादाकडे गणितातल्या खेळांच्या सिद्धान्तातून पाहिलं. प्रत्येक शब्दाशी अनुवादक एक चाल खेळतो, आणि ती चाल पुढच्या चालींची व्याप्ती ठरवते. एकदा नायक दोस्प्येली ठरला की पुढच्या प्रकरणात त्याला ज्राली करताना हात अडखळणार. त्याच वर्षी, वयाच्या चाळिशीत, लेवी गेले.

त्यांच्या म्हणण्याची कसोटी बघायची तर शेक्सपिअरकडे जावं. हॅम्लेट द्वंद्वाआधी होरेशिओला जे सांगतो त्याचा कणा आहे सज्जता. ‘किंग लियर’मध्ये एडगर आंधळ्या बापाला जवळपास तशाच घडणीच्या वाक्यात सांगतो तेव्हा त्या जागी येते पक्वता. दोन्ही नाटकांचा अनुवादक एकच असेल तर त्याला ही दोन वाक्यं एकमेकांना ऐकू जातील अशी ठेवावी लागतात. पक्वतेसाठी ‘ज्रालोस्त’ हाताशी आहे, मूळ इंग्रजी शब्दाइतकाच दोन अवयवांचा. पण रोजच्या चेकमध्ये निवृत्तीला आलेल्या माणसालाही ‘पेन्शनला पिकलेला’ म्हणतात, तोही सूर त्या शब्दात मिसळतो. मला वाटतं, या ओळीला तो सूर मारक नाही. जायची वेळ झालेल्या माणसाशीच एडगर बोलतो आहे.

या भाषेत इंग्रजीतून काव्य आणता येईल का, हा प्रश्न एकेकाळी भाषेच्याच पक्वतेचा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीला प्रागमधली विद्या आणि प्रतिष्ठा जर्मनमध्ये बोलत होती. योसेफ युंगमान यांनी १८११ मध्ये मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ चेकमध्ये आणलं, उणा पडलेला शब्द पोलिश-रशियनमधून घेतला, आणि १८३४ ते १८३९ मध्ये पाच खंडांचा शब्दकोश छापून दाखवला. योसेफ वात्स्लाव स्लादेक तरुणपणी अमेरिकेत मजुरी करून इंग्रजी शिकून आले आणि त्यांनी शेक्सपिअरची ३३ नाटकं चेकमध्ये आणली. १९१२ मध्ये ते गेले तेव्हा काम अपुरं होतं. उरलेलं आंतोनीन क्लाश्तेर्स्की यांनी शेवटाला नेलं. नंतर मार्टिन हिल्स्की यांनी सगळा शेक्सपिअर एकहाती केला, आणि २०११ मध्ये तो एका जाडजूड खंडात निघाला. इंग्रजीत अशा खंडावर ‘कम्प्लीट वर्क्स’ असं छापतात. चेक खंडावर कवीच्या नावाखाली एकच शब्द आहे, ‘दीलो’ : कृती, एकवचनी. ‘कम्प्लीट’साठी तिथे वेगळा शब्दच घातलेला नाही.